दहा कोटी अंशांची गळती कशी मोजतात?

अणुसंमीलनाच्या, म्हणजे हलके अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा मिळवण्याच्या, बातम्यांमध्ये गवगवा होतो तो तापमानाचा. दहा कोटी अंश, पंधरा कोटी अंश, सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. आकडे खरे आहेत, पण नुसतं तापमान गाठणं ही आता जुनी गोष्ट झाली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या टीएफटीआर या यंत्राने १९८६ मध्येच वीस कोटी अंश सेल्सिअसची मजल मारली होती. घोडं अडलंय ते पुढे. एवढा तापवलेला प्लाझ्मा गरम राहत नाही. आत ओतलेली उष्णता बाहेर निसटते, आणि साध्या गणिताने निसटायला हवी त्याच्या कितीतरी पट वेगाने निसटते. किती निसटते आणि कोणत्या वाटेने, हे मोजण्यासाठी गेली पन्नास-साठ वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळा खपताहेत. बातमीत न येणारं हे मोजमापाचं काम मला तापमानाच्या विक्रमांपेक्षा जास्त रंजक वाटतं.

आधी यंत्र समजून घेऊ. टोकामाक म्हणजे कड्याच्या आकाराचं, आतून पोकळ असं धातूचं पात्र. हवा काढून घेतलेल्या या पात्रात हायड्रोजनचे जड भाऊबंद सोडतात: प्रयोगांत बहुधा नुसतं ड्युटेरियम, प्रत्यक्ष ऊर्जेसाठी त्याच्या जोडीला ट्रिटियम. तापवल्यावर अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विद्युतभारित कणांचा वायू तयार होतो. तोच प्लाझ्मा. तो हवेपेक्षा साधारण अडीच लाख पट विरळ असतो. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या अवाढव्य यंत्राच्या पोटातही एका वेळी एक ग्रॅमपेक्षा कमी इंधन असेल.

या वायूला भिंतीपासून दूर ठेवतं ते चुंबकीय क्षेत्र. विद्युतभारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत पुढे सरकतो. ड्युटेरियमच्या आयनाची (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूची) गिरकी काही मिलिमीटरांची, इलेक्ट्रॉनची तिच्या साठाव्या हिश्शाएवढी. रेषेच्या दिशेने कण मोकाट धावतो, पण रेषा ओलांडून बाजूला जाणं त्याला सोपं नसतं. दुसऱ्या कणाशी टक्कर झाली तरच तो साधारण एका गिरकीएवढा सरकतो. शिवाय प्लाझ्मा जितका गरम, तितक्या टकरा कमी. कड्याच्या आकारामुळे काही कणांची पावलं थोडी मोठी पडतात, हे गालेयेव आणि सागदेयेव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये हिशेबात घेतलं. तरीही प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनांची उष्णता त्या हिशेबाच्या दसपटींनी, कधी शंभरपट वेगाने बाहेर जाते असं दिसत राहिलं.

गळतीचा एकूण आकडा काढणं त्या मानाने सोपं आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. मोटर चालू आहे, तरी पातळी एका जागी थांबली आहे, म्हणजे मोटर जेवढं पाणी टाकते तेवढंच कुठून तरी गळतं आहे. टाकीतलं पाणी भागिले मिनिटाला येणारं पाणी, एवढं केलं की पाणी सरासरी किती वेळ टिकतं ते कळतं. प्लाझ्मात साठलेली ऊर्जा भागिले आत ओतलेली शक्ती, असा तोच भागाकार. उत्तर सेकंदांत येतं. आजच्या मध्यम आकाराच्या यंत्रांत ते सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतं. ईटरसाठी पावणेचार सेकंदांच्या जवळपास धरलं आहे, आणि तेवढं मिळालं तरच पुढची सगळी गणितं जुळतात.

पण पातळी पाहून भेग कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी प्लाझ्माच्या आत प्रत्येक ठिकाणी तापमान किती, हे माहीत हवं. आणि तापमान मोजण्यावरूनच एकेकाळी मोठा वाद झाला होता.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत संघातल्या नोवोसिबिर्स्कला संमीलनावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मॉस्कोच्या कुर्चातोव संस्थेचे लेव्ह आर्त्सिमोविच यांनी तिथे सांगितलं की त्यांच्या टी-३ टोकामाकमध्ये इलेक्ट्रॉनांचं तापमान एक कोटी अंशांच्या घरात गेलं आहे. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. हे तापमान थेट मोजलेलं नव्हतं. प्लाझ्मामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणाऱ्या फरकावरून काढलेलं होतं, आणि मूठभर अतिवेगवान इलेक्ट्रॉनांमुळेही तसाच आकडा दिसू शकतो, असा आक्षेप होता. आक्षेप अगदीच वावगा नव्हता. त्यावर आर्त्सिमोविच यांनी ब्रिटनच्या कलहम प्रयोगशाळेचे बास पीझ यांना आमंत्रण दिलं: तुमची माणसं आणा, तुमची उपकरणं आणा, स्वतः मोजा. शीतयुद्धाचे दिवस. त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरलेले. अशा वातावरणात निक पीकॉक, डेरेक रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी काही टन सामान घेऊन मॉस्कोला गेले.

त्यांनी वापरलेली युक्ती आजही तापमान मोजण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग मानली जाते. प्लाझ्मात माणकाच्या स्फटिकाचा लेझर सोडायचा. त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश सरळ आरपार निघून जातो. अगदी नगण्य हिस्सा इलेक्ट्रॉनांवर आपटून आजूबाजूला विखुरतो. लेझरचा रंग एकच असतो, पण आपल्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रॉनावरून विखुरलेला प्रकाश थोडा निळ्याकडे झुकतो आणि लांब जाणाऱ्यावरून आलेला तांबड्याकडे. म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाचा पट्टा जितका रुंद, तितके इलेक्ट्रॉन वेगवान. मूठभर उनाड इलेक्ट्रॉन असतील तर पट्ट्याचा आकारच वेगळा दिसतो. आकार तसा दिसला नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापून आला: सोव्हिएत दावा बरोबर होता. काही महिन्यांतच प्रिन्स्टनने आपल्या मॉडेल-सी या स्टेलरेटर (प्लाझ्मा कोंडण्याच्या निराळ्या धर्तीच्या) यंत्राची मोडतोड करून त्याचा टोकामाक केला. विरोधकाने स्वतःच्या हाताने मोजलेल्या आकड्याचं वजनच वेगळं.

आता हीच पद्धत डझनावारी बिंदूंवर एकाच वेळी वापरतात. आयनांचं तापमान निराळ्या मार्गाने मिळतं: प्लाझ्मात वेगवान तटस्थ अणूंचा झोत सोडायचा, त्यांच्याकडून कार्बनसारख्या अशुद्धीच्या आयनांनी इलेक्ट्रॉन पळवला की ते प्रकाश टाकतात, तो वाचायचा. अशा रीतीने केंद्रापासून कडेपर्यंत तापमानाचा उतार हाती येतो. कुठे किती उष्णता ओतली हेही माहीत असतं. मग प्रत्येक थरातून बाहेर जाणारी उष्णता भागिले तिथली घनता आणि उतार, असं केलं की तो थर किती गळका आहे ते निघतं. मोठ्या टोकामाकांत हा आकडा सेकंदाला एक चौरस मीटरच्या आसपास येतो.

इथवर आलो की एक खोडसाळ गोष्ट समोर येते. उष्णता दुप्पट ओतली म्हणून साठा दुप्पट होत नाही. जगभरच्या टोकामाकांच्या नोंदी एकत्र करून काढलेल्या सूत्राप्रमाणे तो जेमतेम पाव हिश्शाने वाढतो. म्हणजे जास्त तापवलं की गळतीही वाढते. नुसत्या टकरांच्या हिशेबाने हे पटत नाही. आत आणखी काहीतरी चालू असलं पाहिजे.

ते म्हणजे खळबळ, अर्थात टर्ब्युलन्स. तापमानाचा उतार एका मर्यादेपलीकडे चढा झाला की प्लाझ्मातल्या बारीक लहरी आपोआप मोठ्या होऊ लागतात, एकमेकींत गुंततात आणि त्यांचे भोवरे बनतात. भोवरा साधारण सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा असतो आणि काही मायक्रोसेकंदांत विरतो. तेवढ्यात तो आतला गरम प्लाझ्मा बाहेर आणि बाहेरचा गार प्लाझ्मा आत सरकवून मोकळा होतो. आणखी उष्णता ओतली तर उतार फारसा वाढत नाही, भोवरेच जोमाने फिरू लागतात. दुप्पट ओतून पाव हिस्सा का मिळतो, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

सिद्धान्त म्हणून हे छान आहे. पण भोवरे दाखवा म्हटलं तर? दहा कोटी अंशांच्या प्लाझ्मात, त्याला हात न लावता, सेंटिमीटरभर जागेतला, मायक्रोसेकंदांत बदलणारा फरक टिपायचा. आणि फरक तरी केवढा? गाभ्याजवळ घनता आणि तापमान सरासरीच्या एक टक्का किंवा त्याहूनही कमी हलतं.

कडेला काम सोपं आहे. तिथे प्लाझ्मा इतका गार असतो की धातूची बारीक सळई थोडा वेळ आत धरता येते. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या 'आदित्य' या १९८९ मध्ये सुरू झालेल्या टोकामाकवर हेच केलं गेलं. तिथल्या आर. झा, प्रेधिमान कॉ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये दाखवलं की कडेची खळबळ एकसारखी चालत नाही. मध्येच मोठे झटके येतात, नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वक्रात बसणार नाहीत इतके. पुढे इतर यंत्रांवर वायूचा बारीक फवारा सोडून वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण झालं, तेव्हा भिंतीकडे झेपावणारे प्लाझ्माचे पुंजके उघड्यावर दिसले. कडेला घनता दहा टक्क्यांहून बरीच जास्त हलते, त्यामुळे ते शक्य झालं.

गाभ्यात सळई धरली तर ती वितळेल, आणि त्याआधी प्लाझ्मा बिघडेल. तिथे दोन पद्धतींनी सर्वांत जास्त माहिती दिली. पहिली घनतेसाठी. प्लाझ्मा तापवण्याकरिता ड्युटेरियमच्या तटस्थ अणूंचा झोत आत सोडलेला असतोच. प्लाझ्मातल्या कणांशी टकरा होऊन हे अणू तांबडा प्रकाश देतात. जिथे घनता क्षणभर वाढते तिथे प्रकाशही वाढतो. झोतातले अणू वेगाने धावत असल्याने त्यांच्या प्रकाशाची तरंगलांबी सरकलेली असते, म्हणून कडेच्या उजेडातून तो वेगळा काढता येतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रेमंड फॉन्क यांच्या गटाने ही पद्धत प्रिन्स्टनला आणि नंतर सॅन दिएगोच्या डी-थ्री-डी टोकामाकवर विकसित केली. त्यातून भोवऱ्यांचे चक्क चलचित्रपट मिळाले.

दुसरी पद्धत तापमानाच्या हेलकाव्यांसाठी, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन मायक्रोवेव्ह लहरी सोडतात. लहरीची वारंवारता चुंबकीय क्षेत्रावर ठरते: एका टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) २८ गिगाहर्ट्झ. टोकामाकमध्ये क्षेत्र कड्याच्या आतल्या बाजूला जास्त आणि बाहेरच्या बाजूला कमी असतं. त्यामुळे वारंवारता म्हणजेच जागा. रेडिओचं बटण फिरवावं तशी ग्राहकयंत्राची वारंवारता बदलली की प्लाझ्मातला वेगळा थर ऐकू येतो, आणि लहरीची तीव्रता त्या थराचं तापमान सांगते.

अडचण अशी की या लहरींमध्ये मुळातच एक सूक्ष्म खरखर असते. अब्जावधी इलेक्ट्रॉन आपापल्या तालाने लहरी सोडतात, त्यांची बेरीज सतत वरखाली होते. भोवऱ्यांमुळे होणारा बदल एक टक्क्याच्या आत, आणि ही खरखर सहज त्याहून मोठी. उपकरण कितीही उत्तम बनवा, ती जात नाही, कारण ती उपकरणाची नाहीच. १९९०च्या दशकात जर्मनीच्या डब्ल्यू-७-एएस आणि टेक्सासच्या टेक्स्ट या यंत्रांवर यातून वाट काढली गेली. दोन जवळजवळच्या वारंवारता ऐकायच्या, अशा की त्यांचे पट्टे एकमेकांत मिसळणार नाहीत, पण दोन्ही जागा एकाच भोवऱ्याच्या आत येतील. खरखर दोन्हीकडे स्वतंत्र असते, एकीचा दुसरीशी संबंध नसतो. भोवऱ्याने घडवलेला हेलकावा मात्र दोन्हीकडे एकाच वेळी येतो. दोन्ही संकेतांचा गुणाकार करून पुरेसा वेळ सरासरी काढली की खरखर आपापसात कटते आणि समान भाग शिल्लक राहतो. सेकंदाचा काही हिस्सा प्लाझ्मा स्थिर राहिला तर अर्ध्या टक्क्याहून लहान हेलकावेही मोजता येतात.

हेलकावे मोजले म्हणजे गळती मोजली, असं मात्र होत नाही. समजा एका जागी तापमान वरखाली होतंय आणि प्लाझ्माही आत-बाहेर हलतोय. प्लाझ्मा बाहेर जाताना गरम आणि आत येताना गार असेल, तर प्रत्येक फेरीत उष्णता बाहेर पडते. पण दोन्ही हेलकाव्यांत पाव फेरीचं अंतर असेल, तर जाताना जेवढी उष्णता जाते तेवढीच परत येते, आणि हेलकावे कितीही मोठे असले तरी निव्वळ गळती शून्य. म्हणून आकाराइतकाच तालमेळ महत्त्वाचा. कडेला सळयांनी दोन्ही मोजता येतात. गाभ्यात प्लाझ्माच्या आत-बाहेर हलण्याचा वेग थेट मोजणं फार कठीण. त्याऐवजी घनता आणि तापमान यांच्या हेलकाव्यांतलं अंतर मोजण्यापर्यंत मजल गेली आहे. डी-थ्री-डीवर आणि म्युनिकजवळच्या अस्देक्स अपग्रेड या टोकामाकवर ते झालं.

मग उरलेला दुवा कोण जोडतं? संगणक. कणांच्या गिरक्या सरासरीत घेऊन भोवऱ्यांची गणितं सोडवणाऱ्या आज्ञावल्या गळती, हेलकावे, तालमेळ असं सगळं काढून देतात. पण एका आकड्यावर जुळलेलं गणित फसवं असू शकतं. चुकीच्या भोवऱ्यांतूनही गळतीचा बरोबर आकडा निघू शकतो. म्हणून कसोटी अशी: उपकरणाला दिसलं असतं तसं, त्याच्या सगळ्या अंधुकपणासकट, संगणकातल्या प्लाझ्माकडे बघायचं आणि मग प्रयोगाशी ताडायचं. डी-थ्री-डीवर वर सांगितलेल्या दोन्ही पद्धती एकत्र लावून हे केलं, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. केंद्र आणि कड यांच्या मधोमध सगळं छान जुळलं. पण कडेच्या बाजूला, त्रिज्येच्या पाऊण अंतरावर, संगणकाने सांगितलेली गळती प्रत्यक्षापेक्षा जवळपास सातपट कमी निघाली आणि हेलकावे सुमारे तीनपट लहान. गंमत म्हणजे कोणत्या वारंवारतेला हेलकावा किती, या आलेखाचा आकार मात्र व्यवस्थित जुळत होता. नुसती गळतीच मोजली असती तर यातलं निम्मंही कळलं नसतं. पुढे दुसऱ्या आज्ञावल्यांनी त्याच प्रयोगासाठी बरीच कमी तफावत दाखवली, तेव्हा वाद आणखी रंगला.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या अल्काटोर सी-मॉड टोकामाकवरही इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेचा हिशेब कमीच पडत होता. तोवरच्या बहुतेक गणितांत आयनांच्या गिरकीच्या मापाचे मोठे भोवरेच धरले जात. इलेक्ट्रॉनांच्या मापाचे, साठपट लहान भोवरे मोठ्यांच्या धुमाकुळात चिरडून जात असतील, असा समज होता. दोन्ही मापं एकत्र सोडवायची तर संगणनाचा खर्च प्रचंड. २०१६ मध्ये नेथन हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी तसं केलं, एकेका गणिताला सुमारे दीड कोटी प्रोसेसर-तास लागले. लहान भोवरे चिरडले गेले नव्हते. लांबोळ्या धारांच्या रूपात ते मोठ्यांच्या सोबतीने टिकले होते, आणि इलेक्ट्रॉनांच्या गळतीतली तूट त्यांनी भरून काढली.

आता ईटर. तिथे ड्युटेरियम-ट्रिटियमचं काम २०३९ मध्ये सुरू करण्याची सध्याची योजना आहे, आणि मोजमाप आजच्यापेक्षा कठीण होणार आहे. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात काचा आणि प्रकाशतंतू काळवंडतात. बाहेरून ५० मेगावॉट ओतायचे, तर संमीलनातून जन्मलेले हीलियमचे कण आतच सुमारे १०० मेगावॉट उष्णता सोडतील, आणि ती किती, हे पुन्हा तापमानावरच ठरणार. म्हणजे हिशेबाची जमेची बाजूही मोजूनच काढावी लागेल. हीलियम आणि आयनांचं तापमान पाहण्यासाठी लागणारा एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हायड्रोजन अणूंचा खास झोत भारत पुरवणार आहे. इलेक्ट्रॉनांच्या मायक्रोवेव्ह लहरी ऐकणाऱ्या उपकरणांतही भारताचा वाटा आहे.

या मायक्रोवेव्हबाबत एक जुनी कुरबूर अजून मिटलेली नाही. फार उच्च तापमानाला इलेक्ट्रॉन इतके वेगवान होतात की सापेक्षतेच्या परिणामामुळे त्यांच्या लहरींची वारंवारता पसरते आणि 'वारंवारता म्हणजे जागा' हा नियम धूसर होतो. शिवाय टीएफटीआर आणि ब्रिटनमधलं जेट या दोन्ही टोकामाकांवर सर्वांत तापलेल्या प्रयोगांत मायक्रोवेव्हने दाखवलेलं तापमान लेझरने दाखवलेल्यापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी जास्त आलं होतं. ईटरचा प्लाझ्मा तेवढाच किंवा त्याहून गरम असेल, आणि तिथे दोन्ही उपकरणं शेजारी शेजारी बसवली जाणार आहेत.